गोठवलेले आमिष गळावर टिकत नाही : काळीज, झिंगे आणि आतडी कशी साठवावीत?

गोसेकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. मी पवनी तालुक्यात, गोसीखुर्द धरणाच्या पाणफुगवट्यापासून सहा किलोमीटरवर राहतो. धानाची शेती सांभाळून रविवारी पहाटे गळ घेऊन पाण्यावर बसणे एवढाच माझा छंद आहे. अडचण अशी की पहाटे साडेचारला घर सोडावे लागते आणि गावातले चिकनचे दुकान त्या वेळी उघडलेले नसते, म्हणून आमिष आधीच आणून गोठवून ठेवावे असे ठरवले.

एक किलो कोंबडीचे काळीज, तेवढीच आतडी आणि शेजाऱ्यांची बोडी (शेतातले लहान तळे) उपसली तेव्हा मिळालेले दोन किलो झिंगे असा सगळा माल मी तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून घरातल्या एका दाराच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात कोंबला. तीन आठवड्यांनी काळजाची पिशवी काढली तर आत दगड झालेला होता. खलबत्त्याच्या बत्त्याने ठोकून अर्धा वेगळा केला, उरलेला अर्धा तोवर पाझरू लागला होता, तरीही तो परत आत ठेवला. नदीवर गेल्यावर गळ फेकला तेव्हा काळीज गळाच्या आधी पाण्यात पडले, आणि तेही भलत्याच दिशेला. पुढच्या रविवारी परत गोठवलेला अर्धा उघडला तर तो मातकट रंगाचा गाळ झाला होता. झिंग्यांची डोकी काळी पडली होती आणि अंग बोटाने दाबले की पिठासारखे दबत होते. आतडी मात्र बऱ्यापैकी टिकली, हे का ते मला कळलेले नाही.

त्यातच घरी पाहुणे आले असताना सरबतात याच कप्प्यातला बर्फ पडला. पुढे काय झाले ते येथे लिहीत नाही. आईने मला फ्रीजला हात लावायला मनाई केली आहे.

जाणकारांनी सांगावे, चूक गोठवण्यात झाली, साठवण्यात झाली की आमिष निवडण्यातच झाली?

बोडीवाला

दादा, माझे मत थोडक्यात सांगतो. वाम धरायची असेल तर गांडूळच लावावे, आणि गांडूळ चुकूनही गोठवू नये. मी एकदा हौसेने डबाभर गांडुळे बर्फाच्या कप्प्यात ठेवली होती. बाहेर काढल्यावर अर्ध्या तासात डब्यात तपकिरी पाणी आणि त्यात तरंगणाऱ्या सालींशिवाय काही उरले नव्हते. गांडुळाच्या अंगात पाण्याशिवाय फारसे असतेच काय? जुन्या मडक्यात ओलसर माती, कुजलेला पाला आणि मुरलेले शेण घालून, वरून ओले तरट झाकून मडके सावलीत ठेवले की गांडुळे महिना महिना जिवंत राहतात. ती कातडीतून श्वास घेतात, म्हणून माती ओलसर हवी, पण पाणी साचलेली नको. काळीज आणि झिंग्यांबद्दल मात्र मी ऐकायला बसलो आहे.

बर्फकारखाना

मी सध्या तुमसरला असलो तरी पूर्वी सात वर्षे कोकण किनाऱ्यावरच्या एका कोळंबी प्रक्रिया कारखान्यात कामाला होतो, त्यामुळे या प्रश्नावर थोडे विस्ताराने लिहितो. गोसेकाठ यांनी क्षमा करावी, पण त्यांच्या वर्णनात करू नये ते जवळजवळ सगळेच आले आहे.

पाणी गोठले की सुमारे नऊ टक्के फुगते, हे पाण्याने भरलेली काचेची बाटली बर्फाच्या कप्प्यात ठेवून पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मांसात तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणीच असते. उणे १ ते उणे ५ अंश सेल्सिअस या टप्प्यात त्यातले बहुतेक पाणी गोठते, आणि माल या टप्प्यातून किती वेगाने पार होतो यावर पुढचे सगळे अवलंबून असते. झटपट पार झाला तर बर्फाचे स्फटिक बारीक राहतात. रेंगाळला तर ते मोठे होतात, पेशींची आवरणे फाडतात, आणि वितळताना पेशींतला रस त्या फटींतून गळून जातो. कारखान्यात यासाठी उणे ३५ ते उणे ४० अंशांच्या धातूच्या पाट्यांमध्ये माल दाबून गोठवतात. आपण एक किलोचा गोळा घरच्या फ्रीजच्या कप्प्यात ठेवतो तेव्हा त्याचा मधला भाग गोठायला अख्खी रात्र लागते, आणि ती रात्रभर आत सुया तयार होत असतात. त्यातून एका दाराच्या साध्या फ्रीजच्या कप्प्यावर एकच तारा छापलेला असेल तर तो उणे ६ अंशांपर्यंतच जातो. दोन तारे म्हणजे उणे १२ आणि तीन तारे म्हणजे उणे १८. आपल्या कप्प्यावर किती तारे आहेत ते आधी पाहावे.

काळजाचा गाळ झाला आणि आतडी टिकली, यामागचे कारण सोपे आहे. काळजात मांसाला धरून ठेवणारे तंतू फार कमी असतात, म्हणून पेशी फाटल्या की आकार सांभाळायला काही उरत नाही. आतडे म्हणजे स्नायूंची नळी. तिच्या पेशी फाटल्या तरी तंतू शाबूत राहतात आणि गळ त्यांत अडकून राहतो. यावरून माझी पहिली सूचना अशी की गोठवण्यासाठीच आमिष घ्यायचे असेल तर आतडी आणि पथरी (कोंबडीच्या पोटातली दाणे दळणारी जाड स्नायूंची पिशवी) यांना पसंती द्यावी.

काळीजच वापरायचे असेल तर त्यातले पाणी आधी मिठाने कमी करावे. एक किलो काळजाचे सुपारीएवढे तुकडे करून त्यांना २०० ग्रॅम खडेमीठ चोळावे आणि चाळणीत घालून, चाळणीखाली पातेले ठेवून, एक रात्र फ्रीजच्या खालच्या भागात ठेवावे. चाळणी आवश्यक आहे, नाहीतर काळीज स्वतःच्याच खाऱ्या पाण्यात पोहत बसते. सकाळी पातेल्यात लालसर पाणी साचलेले दिसेल आणि तुकडे रबरासारखे घट्ट झालेले असतील. ते फडक्याने टिपावेत आणि एका खेपेला लागतील तेवढेच एका पिशवीत भरावेत.

झिंग्यांचे काळे पडणे म्हणजे कुजणे नव्हे. झिंगा मेल्यानंतर त्याच्या अंगातल्या विकरांची (एन्झाइमांची) हवेतल्या प्राणवायूशी गाठ पडते आणि काळा रंग तयार होतो, कापलेले वांगे काळे पडते तसाच. मांस पिठूळ होण्याचे कारण मात्र डोक्यातच आहे. तेथे असलेल्या पाचक ग्रंथीतले विकर मेलेल्या झिंग्याचे स्वतःचेच मांस पचवू लागतात. म्हणून झिंगे हाती आल्याबरोबर डोकी मोडावीत, गार पाण्यात धुवावेत, आणि साल मात्र काढू नये, कारण सालीमुळे आतले मांस सुकत नाही.

आता झटपट गोठवण्याचा घरगुती उपाय सांगतो. आपल्या गावात येणारा कुल्फीवाला मडक्यात बर्फ आणि मीठ घालून कुल्फी जमवतो ना, तीच युक्ती येथे लागू पडते. बादलीत तीन भाग फोडलेला बर्फ आणि एक भाग खडेमीठ कालवले की मिश्रण उणे १५ अंशांच्या आसपास सहज जाते. झिंग्यांच्या चपट्या, घट्ट बांधलेल्या पिशव्या त्यात तासभर बुडवून ठेवाव्यात. गार हवेपेक्षा गार द्रव उष्णता कितीतरी वेगाने ओढून घेतो, त्यामुळे फ्रीजला रात्रभर जे साधत नाही ते बादलीत तासाभरात साधते. पिशवी चपटीच हवी, दोन बोटांपेक्षा जाड नको. बर्फ मिळत नसेल तर जर्मनच्या परातीत झिंगे सुटे सुटे पसरून परात कप्प्यात ठेवावी आणि ते कडक झाल्यावरच पिशवीत भरावेत. असे केले की नंतर बत्ता लागत नाही, हवे तेवढे मोजून काढता येतात.

शेवटचा मुद्दा हवेचा. पिशवीत हवा राहिली की पृष्ठभागावरचा बर्फ थेट वाफ होऊन उडतो आणि माल पांढुरका, वाळलेल्या लाकडासारखा होतो. तोंड उघडे ठेवून पिशवी पाण्याच्या बादलीत गळ्यापर्यंत बुडवावी. बाहेरचे पाणी पिशवीला दाबते आणि हवा आपोआप वर निघून जाते. मग तेथेच पीळ देऊन गाठ मारावी.

आणि एकदा वितळलेले आमिष पुन्हा गोठवू नये. गोठवल्याने जिवाणू मरत नाहीत, झोपतात. प्रत्येक वितळण्यात ते जागे होऊन वाढतात आणि प्रत्येक गोठवण्यात मांस आणखी फाटते.

गोसेकाठ (धागाकर्ता)

काका, मनापासून आभार. आमच्या कप्प्यावर एकच तारा निघाला.

आपण सांगितल्याप्रमाणे परवा अर्धा किलो काळीज १०० ग्रॅम मिठात मुरवले आणि चार पिशव्या भरून माझ्या मामेभावाकडच्या मोठ्या डीप फ्रीजरमध्ये ठेवल्या, जेथे काटा उणे १८ दाखवतो. आज जाऊन पाहतो तर शेजारच्या पाण्याच्या बाटल्या दगड झाल्या आहेत आणि काळीज मात्र मऊच! पिशवी वाकवली की वाकते. मामेभाऊ म्हणतो, तुझ्या मिठाने माझे यंत्र बिघडवले. काय चुकले?

बर्फकारखाना

काही चुकले नाही, मामेभावाला निश्चिंत राहायला सांगावे. मीठ विरघळलेले पाणी शून्य अंशाला गोठत नाही. मिठाचे प्रमाण वाढत जाते तसा गोठणबिंदू खाली जातो आणि २३ टक्क्यांच्या सुमारास तो उणे २१ अंशांना पोहोचतो, त्याखाली मिठाच्या पाण्याला जाता येत नाही. आपण हिशेब करून पाहावा. अर्ध्या किलो काळजात साधारण ३५० ग्रॅम पाणी धरले आणि त्यात १०० ग्रॅम मीठ गेले तर सुमारे २२ टक्क्यांचे खारे पाणी झाले. ते उणे १८ अंशांवर पूर्ण कडक होणार नाही. आपल्या दृष्टीने ही सोयच आहे. बर्फाच्या सुया झाल्या नाहीत, मांस फाटले नाही, आणि नदीवर वितळण्याची वाटही पाहावी लागणार नाही. मीठ आणि थंडी दोघे मिळून ते टिकवतात.

मात्र इतके खारे काळीज थेट गळाला लावू नये. तुकडे नदीच्याच पाण्यात दहा मिनिटे भिजवावेत. शिंगाडा आणि मांगूर हे मिशांनी चव घेत तळ हुंगत फिरणारे मासे आहेत. त्यांच्यापर्यंत काळजाचा वास पोहोचायला हवा, मिठाचा नव्हे.

धानपट्ट्यातली

मी गळ टाकत नाही, माझे यजमान टाकतात. पण साकोलीजवळच्या आमच्या गावात आमचे कोल्ड्रिंक आणि आइस्क्रीमचे छोटे दुकान आहे आणि त्यातले डीप फ्रीजर मी सांभाळते, म्हणून लिहिण्याचा अधिकार मला आहे असे समजते.

येथे सगळे उणे १८ अंशांचा हिशेब करीत आहेत, पण लाइनचा हिशेब कोणी करीत नाही. मे महिन्यात दुपारी पारा ४४-४५ ला असतो, वादळी पावसाने तार तुटली की गावाची लाइन रात्रभर येत नाही, आणि सकाळी आली की सगळे पुन्हा कडक होते. वरून पाहणाऱ्याला वाटते, काही झालेच नाही. बर्फकारखाना काकांनी सांगितलेले ‘एकदा वितळलेले पुन्हा गोठवू नये’ हे पथ्य आपल्या नकळत रोजच मोडत असते.

यासाठी माझी एक सवय आहे. एका वाटीत पाणी गोठवून त्या बर्फावर एक रुपयाचे नाणे ठेवते आणि वाटी फ्रीजरच्या मधोमध ठेवून देते. बाहेरगावाहून आल्यावर आधी वाटी पाहते. नाणे वरच असेल तर काळजी नाही. नाणे बर्फाच्या मध्ये अडकलेले असेल तर लाइन बराच वेळ गेली होती. तळाशी असेल तर सगळे पाणी होऊन परत गोठले आहे, आणि तो माल, मग तो आइस्क्रीम असो की झिंगे, टाकूनच द्यावा.

फ्रीजर भरलेले असावे, रिकामे नसावे. भरलेले फ्रीजर झाकण न उघडता सुमारे ४८ तास गारवा धरते आणि अर्धे भरलेले २४ तास, असे सर्वसाधारण गणित आहे. आमच्या उन्हाळ्यात मी त्यातून बराच वेळ वजा करते. माल कमी असेल तर रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवाव्यात. त्या गारवा धरतात आणि नदीवर जाताना थर्माकोलच्या पेटीतही उपयोगी पडतात.

आता गोसेकाठ भाऊ, तुमच्या आईंच्या बाजूने दोन शब्द. कच्च्या कोंबडीच्या आतड्यांत माणसाला आजारी पाडणारे जिवाणू असतात आणि पिशवीला बारीक भोक पडले तर तो पाझर खालच्या वस्तूंवर उतरतो. यजमानांना मी झाकणाचा एक निळा डबा वेगळा दिला आहे. तो सर्वांत खाली राहतो, त्यावर मेणाच्या पेन्सिलीने तारीख असते, आणि आमिषाची सुरी, पाट, चाळणी मोरीबाहेरच्या फळीवर असतात. चाळणी स्वयंपाकघरातली घेतलीत असे तुम्ही लिहिले नाही, पण मला अंदाज आहे.

गोसेकाठ (धागाकर्ता)

ताई, चाळणी स्वयंपाकघरातलीच होती. आजच नवी आणतो.

वर्धाकाठी

मी राजुऱ्याकडचा, वर्धा नदीवर बसणारा. चर्चा चांगली चालली आहे, पण मीठ हे सर्व रोगांवर औषध आहे असा समज होऊ नये म्हणून माझा फटका सांगतो. चंद्रपूरच्या बाजारात बर्फातून येणारी तारली मला स्वस्तात मिळाली. तेलकट मासा, वास भरपूर, शिंगाड्याला दुसरे काय हवे, असा विचार करून तीन किलो तारली काळजासारखीच मिठात मुरवली आणि गोठवली. दीड महिन्याने पिशवी उघडली तर मासे पिवळे पडलेले आणि त्यांना जुन्या खवट जवसाच्या तेलासारखा वास. त्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत तरंडा (दोरीवरचा तरंगता खुणेचा तुकडा) एकदाही हलला नाही. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने कणकेच्या गोळीवर दोन रोहू नेले.

काका, मीठ तर बरोबर प्रमाणात होते. मग हे काय झाले?

बर्फकारखाना

आपण ही गोष्ट मांडली ते बरे झाले, कारण माझ्या आधीच्या लिहिण्यात ही त्रुटी राहिली होती. तारली आणि बांगडा यांच्या अंगातल्या तेलाची हवेतल्या प्राणवायूशी क्रिया होऊन ते खवट होते. ही क्रिया उणे १८ अंशांतही थांबत नाही, फक्त मंदावते, आणि मीठ तिला थांबवण्याऐवजी वेग देते. त्यामुळे तेलकट माशाला मीठ लावून दीर्घकाळ साठवू नये. त्याला हवेपासून तोडावे लागते.

कारखान्यात यासाठी गोठलेल्या मालावर बर्फाचा मुलामा चढवतात आणि तो घरीही चढवता येतो. मासे किंवा झिंगे परातीत सुटे गोठवावेत, कडक झाले की बर्फाच्या गार पाण्यात तीन-चार सेकंद बुडवून काढावेत आणि लगेच परत फ्रीजरमध्ये ठेवावेत. अंगावर काचेसारखा पातळ थर बसतो. दोन-तीनदा असे केले की हवा आणि मांस यांच्यामध्ये बर्फाची भिंत उभी राहते. वाळायचे ते बर्फ वाळते, मासा नाही. एवढे करूनही तारली दोन महिन्यांच्या आत संपवावी. आपल्या बोडीतली बारीक मासळी कमी तेलाची असते, ती याहून जास्त दिवस राहते.

थोडक्यात, काळीज आणि आतड्यांना मीठ, झिंग्यांना आणि तेलकट माशांना मुलामा.

बोडीवाला

आतड्यांबद्दल माझाही अनुभव जुळतो. आमच्याकडे आतडी उलटी करून धुतात, दोन बोटांत धरून आतला मळ पिळून काढतात आणि बांबूच्या काडीला गुंडाळून मीठ लावतात. काडीवरच गोठवली तर हवी तेवढी उलगडून कापता येतात.

हळद लावावी का? आमचे एक मामा हळदीशिवाय आमिष ठेवत नाहीत.

वर्धाकाठी

हळद मी वर्षभर लावून पाहिली. बोटे पिवळी झाली, बाकी काही फरक जाणवला नाही. मामांना मात्र हे सांगू नये.

जवसढेप

मी निवृत्त शिक्षक आहे आणि मांसाचे आमिष वापरत नाही, म्हणून आतापर्यंत गप्प होतो. परंतु गोठवणे हा विषय मांसापुरताच नाही. भंडारा-गोंदियाच्या माजी मालगुजारी (जुन्या जमीनदारी काळातल्या) तलावांवर, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो, माझी चाळीस वर्षे रोहू, कटला आणि मृगळ यांच्या मागे गेली आहेत, आणि गेली चार वर्षे मी पिठाचे आमिष गोठवून वापरतो.

माझे मिश्रण असे आहे. जवसाची ढेप (पेंड) रात्रभर भिजवून सकाळी मंद आचेवर शिजवतो, त्यात भाजलेला तांदळाचा कोंडा, भाजून कुटलेली मेथी आणि चिमूटभर हिंग घालतो, आणि सर्वांत शेवटी गव्हाची कणीक मळतो. कणकेतला चिकटपणा बाकीच्या सर्वांना बांधून ठेवतो. तांदळाच्या पिठाने हे काम होत नाही, गोळी पाण्यात पडताच विरते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पडतात तेव्हा मूठभर ओली फुले ठेचून या गोळ्यात घालतो आणि गोळा झाकून ठेवतो. पहिल्या दिवशी गोड वास येतो, दुसऱ्या दिवशी किंचित आंबट आणि तिसऱ्या दिवशी दारूच्या भट्टीचा. मासे दुसऱ्या दिवसाच्या वासावर येतात, निदान माझ्याकडे तरी.

गोठवण्याचा खरा लाभ येथेच आहे. पीठ आंबवणारे यीस्ट थंडीत मरत नाही, पण थबकते, त्यामुळे दुसऱ्या दिवसाचा तो वास हवा तेथे अडवून ठेवता येतो. मी गोळ्याच्या वड्याएवढ्या चपट्या थापट्या करून, मध्ये पळसाचे पान घालून, डब्यात रचतो. वितळल्यावर थापटी पाणी सोडते आणि सैल पडते. तेव्हा घाबरून फेकू नये. खिशातल्या पुडीतले भाजलेल्या चण्याचे पीठ चिमूट चिमूट घालत पुन्हा मळावे. गोळी कानाच्या पाळीएवढी मऊ झाली की पुरे, असे मी मुलांना सांगत असे.

गोळीचा घट्टपणा माशावरही ठरतो. मृगळ तळाशी चरतो, त्याला जड आणि घट्ट गोळी चालते. कटल्याचे तोंड वर वळलेले असते आणि तो वरच्या थरातले खातो, म्हणून त्याच्यासाठी कोंडा वाढवून हलकी, हळूहळू सुटणारी गोळी करून तरंड्याखाली कमी खोलीवर लोंबती ठेवावी. रोहू या दोघांच्या मधला.

एक विनंती. तलाव बहुधा मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेच्या ठेक्यात असतात आणि त्यावर ढीवर बांधवांची चूल चालते. गळ टाकण्यापूर्वी संस्थेच्या माणसाला विचारावे.

नवा_गळकरी

सर्वांना नमस्कार. मरळीसाठी लहान बेडूक गोठवून ठेवले तर चालतील का? पावसाळ्यात वावरात पुष्कळ निघतात.

जवसढेप

बाळा, बेडूक नको. आपल्याकडच्या बेडकांची इतकी लूट झाली की भारताने त्यांच्या तंगड्यांची निर्यात १९८७ मध्ये बंद केली. धानाच्या बांधीतले किडे खाणारा हा प्राणी गळाला लावण्यापेक्षा बांधीत राहिलेला आपल्याच फायद्याचा आहे.

बोडीवाला

त्याखेरीज मरळीला मेलेले आमिष फारसे भावतही नाही. ती हलणाऱ्या शिकारीवर झडप घालते. गोठवलेली बारीक मासळी वापरायचीच असेल तर ती तळाशी टाकून बिडी ओढत बसू नये. पाण्याकाठच्या बेशरमाच्या झुडपांजवळून, कमळाच्या पानांच्या कडेने हळूहळू ओढत, मध्येच थांबवत, पुन्हा ओढत राहावी. जून-जुलैत मरळ आपली पिल्ले सांभाळत फिरते, लालसर पिल्लांचा घोळका पाण्यावर दिसतो. त्या वेळी तिला धरले तर तो घोळका इतर मासे एका दिवसात संपवतात.

गोसेकाठ (धागाकर्ता)

पाच आठवड्यांनी परत लिहितो आहे, कारण सांगण्यासारखे काही जमा झाले आहे.

मामेभावाच्या फ्रीजरमध्ये एका जुन्या रंगाच्या डब्यात (धुतलेल्या, ताई) माझा स्वतंत्र कारभार सुरू झाला. मिठातले काळीज दहा मिनिटे भिजवूनही फेकताना अधूनमधून सुटतच होते, तेव्हा जुनी फाटकी मच्छरदाणी कापून तिचे चौकोनी तुकडे केले. काळजाचा तुकडा त्यात पुरचुंडीसारखा बांधतो आणि गळाचे टोक जाळीतून पार करतो. आता कितीही जोरात फेकले तरी पुरचुंडी जागेवर राहते आणि वास जाळीतून सुटत राहतो. पहिल्याच रविवारी पाणफुगवट्याच्या जुन्या नाल्यात दोन शिंगाडे आणि एक मांगूर मिळाला. मोठे नव्हते, पण सहा आठवड्यांनंतर घरी रिकाम्या हाताने गेलो नाही.

झिंग्यांवर बर्फाचा मुलामा चढवला. पहिल्या वेळी पाणी पुरेसे गार नव्हते, त्यामुळे झिंगे एकमेकांना चिकटून गड्डा झाला आणि पुन्हा बत्ता आठवला. दुसऱ्या वेळी बादलीत बर्फ टाकून पाणी आधी गार केले, तेव्हा प्रत्येक झिंगा काचेत बसवल्यासारखा वेगळा निघाला. एक महिन्यानंतरही डोके नसलेल्या या झिंग्यांचा रंग जसाच्या तसा होता. नदीवर नेताना थर्माकोलच्या पेटीत गोठलेल्या पाण्याच्या दोन बाटल्यांमध्ये ठेवतो, पेटी ओल्या तरटात गुंडाळतो आणि एका वेळी चारच झिंगे बाहेर काढतो, कारण मे महिन्याच्या सकाळी नऊनंतर वीस मिनिटांत ते पूर्ण वितळतात.

गेल्या आठवड्यात वादळ झाले, दोन खांब पडले आणि मामेभावाच्या गावाची लाइन पावणेदोन दिवस नव्हती. लाइन आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेलो. सगळ्या पिशव्या कडक होत्या, झिंगे पाहायला अगदी सुंदर दिसत होते, आणि मामेभाऊ म्हणत होता की काही बिघडलेले नाही, घेऊन जा. मी वाटी काढली.

नाणे तळाशी होते. मिठातले काळीज तेवढे ठेवले, बाकी सगळे घरामागच्या पपईच्या खड्ड्यात दोन फूट खोल पुरले, आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड ठेवला. मामेभावाच्या बायकोने त्याच फ्रीजरमधले मटार ठेवावेत की फेकावेत, असे मला विचारले. ताई, त्यांना मी काय सांगावे?

धानपट्ट्यातली

फेकायला सांगा, आणि तो रुपया उकळत्या पाण्याने धुऊन परत वाटीत ठेवायला सांगा.